उसनी पोरं

मी शिक्षणाचा अर्थतज्ज्ञ. एक पोरगं चौथीपर्यंत शिकवायला किती मास्तर लागतात, किती खोल्या लागतात आणि त्यात बचत कुठं करता येते, हे सांगण्यात माझा जन्म गेला. पुढे कुलगुरू झालो, समित्यांचा अध्यक्ष झालो. शाली एवढ्या जमल्या की बायकोनं शेवटी त्यांची गोधडी शिवायला टाकली. मान मिळाला, नाही कशाला म्हणू? पण ज्या कामामुळं तो मिळाला, त्याबद्दल मला कुणी बरं बोललं की डोक्यात तिडीक जाते.

आमची वस्ती बुलढाण्याकडच्या धाड गावापासून चार-पाच किलोमीटर आत. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी आणि माझी मोठी बहीण एकाच वर्गात होतो. ती माझ्यापेक्षा हुशार. पाढे तिचे पाठ, मार मात्र मला. चौथीनंतर धाडला दोघांपैकी एकालाच पाठवायचं ठरलं, आणि तो एक कोण, हे घरात कुणाला बोलूनसुद्धा दाखवावं लागलं नाही. मी धाडला गेलो, मग बुलढाण्याला कॉलेजात, मग पुण्याला. पुण्यात तोंड उघडलं की पोरं हसायची, म्हणून 'मले-तुले' गिळायला शिकलो. ताईचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती लेकराला घेऊन माहेरी परत आली. त्याच शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायला लागली. माझ्या गोष्टीच्या वेळी तिची नात तिथंच दुसरीत होती.

ज्या शाळेत वीसपेक्षा कमी पोरं, ती जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकावी, ही माझी मांडणी. दोन मास्तर चार वर्ग धड शिकवू शकत नाहीत, हे तिचं मूळ. कागदावर ती आजही बरोबर आहे. समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून पट तपासायचं ठरलं. आमच्या भागात मी स्वतः जाईन म्हणालो. गावात गाडीतून उतरायची हौस, दुसरं काय?

आमच्याकडची एक रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पट मोजायला साहेब येणार असला की शाळा शेजारच्या वस्तीतून पोरं उसनी आणते. सकाळीच आणायची, वेगळी नावं पाठ करून घ्यायची, मागच्या रांगेत बसवायची, साहेब गेला की खाऊ देऊन परत धाडायची. पुढच्या खेपेला यांची पोरं तिकडं. पेरणीला बैलजोडी द्यावी-घ्यावी, तसंच ते. यात कुणाला पाप वाटत नाही. मीही लहानपणी दोनदा असा उसना जाऊन बसलोय.

मी पोचलो तेव्हा दाराला तोरण होतं आणि आत सतरा पोरं होती. हेडमास्तर तोंड पाडून उभे. हळूच बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की नाल्यापलीकडच्या वस्तीतली सहा पोरं त्यांनी ठरवली होती, पण ताईनं ती येऊ दिली नाहीत. आदल्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर ती म्हणाली होती, "माहा भाऊ येऊन राह्यला. त्याच्यासमोर खोटी पोरं बसवाची नाही. तो का आपली शाळा बंद करंल?"

वस्तीनं मान डोलावली.

मी मोजली. सतरा. वाट अवघड असेल, नाला आडवा येत असेल, तर शाळेला सूट द्यावी असं नियमातच होतं. ते कलम मीच घातलं होतं. एक ओळीचा शेरा मारला असता तर भागलं असतं. पण माझ्यासोबत समितीचे दोन सदस्य होते. अध्यक्षानं आपल्या गावची शाळा वाचवली, असं उद्या पुण्यात बोलतील या भीतीनं मी फार तत्त्वाचा माणूस झालो. मारे तत्त्व! सतरा लिहून सही केली. मग ताईच्या हातची खिचडी खाल्ली. तिनं वरून तूप वाढलं, शाळेचं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. तिची खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडची शाळा. तिथं तेवीस भरली. मागच्या रांगेत सहा तोंडं ओळखीची निघाली, आमच्याच वस्तीतली. दुसऱ्याकडून घ्यायची नाहीत असं ताई म्हणाली होती, द्यायची नाहीत असं नव्हे. त्या सहांत तिची नात होती. माझ्याकडं टक लावून बघत होती. सगळ्या पोरांना मी नाव विचारत गेलो, तिला विचारलं नाही. अध्यक्षांच्या गावची पोरं उसनी बसली, हा बोभाटा मला नको होता. तेवीस लिहिलं. घरच्यांशी खरं वागलो, परक्यांसाठी खोटं लिहिलं, आणि दोन्ही वेळा अब्रू वाचवली ती माझीच. थू असल्या हुशारीवर!

आमची शाळा बंद झाली. पोरांची नावं धाडच्या शाळेत गेली. त्यांना न्यायला गाडी मिळेल असं अहवालात होतं. गाडी काही महिने आली आणि थांबली. मग पोरं जीपच्या मागं लटकून जायला लागली. नात एकदा पडली, हात मोडला, आणि माझ्या भाच्यानं तिला पाठवणं बंद केलं. नाल्यापलीकडच्या शाळेत एकटी पोर बाभळीच्या रानातून रोज कोण पाठवणार? धाडच्या शाळेत तिचं नाव अजून आहे. म्हणजे माझ्या हिशेबात ती शिकतेच आहे.

निवृत्त झाल्यावर, औंदा, ताईकडं गेलो. सकाळी बघतो तर नात गणवेश घालून, लाल रिबिनी बांधून ओट्यावर बसलेली. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, घातलं वाटतं पुन्हा शाळेत. ताई तांदूळ निवडत होती. तिनं सांगितलं की आज पलीकडच्या शाळेत मोजणी आहे, मास्तर मोटरसायकलवर न्यायला येतील.

मी भडकलो. एवढं होऊनही पोरगी उसनी देतेस, लाज कशी वाटत नाही, असं काय काय बोललो.

"जाऊ दे ना भाऊ," ती म्हणाली. "सालातून तेवढाच एक दिवस शायेत बसते थे पोरगी."

मास्तर आले. पोरगी मागच्या सीटवर चढून बसली. गाडी चालू करता करता त्यांनी मला ओळखलं, खाली उतरून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "सर, आमची शाळा तुमच्यामुळंच राह्यली."