कोपऱ्यातला पदर

पंचावन्न सालच्या ऑगस्टात माझा नवरा मेला असं आमच्या चाळीनं ठरवलं. तो मेला नव्हता. पण चाळीनं एकदा ठरवलं की ठरवलं.

आम्ही अंधेरीला पूर्वेला राहायचो. नवरा आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर कामाला. लग्नाला वर्ष झालं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तो सातवी. त्यामुळे पेपर तो वाचायचा आणि मी ऐकायचे. त्या वर्षी पेपरात रोज गोवा. इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली तरी तिकडे पोर्तुगीज बसलेलेच होते. सासूचं माहेर गोव्यात, पेडण्याच्या बाजूला. सरहद्द बंद झाल्यावर तिचा भाऊ वारला, तेव्हा तिला जाता आलं नाही. इथंच नळाखाली आंघोळ करून मोकळी झाली. ते बघून नवऱ्यानं मनात घेतलं. पंधरा ऑगस्टला सत्याग्रही झेंडा घेऊन गोव्यात शिरणार होते, त्यांच्याबरोबर जायचं. मला विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

निघाला त्या दिवशी चाळीच्या चौकात कार्यक्रम झाला. उत्सव कमिटीचे अध्यक्ष पलीकडच्या बंगल्यात राहायचे, फोर्टात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी भाषण केलं, हार घातला. भाषण संपेपर्यंत सासू दह्याची वाटी धरून उभी. त्याच्या हातावर दही घालून म्हणाली, "परत येतलंस मा रे?"

"येतलंय गे आये. रडतंस कित्याक?"

"रडतंय खय? उदबत्तीचो धूर गेलो डोळ्यात."

पंधरा ऑगस्टला चौकात झेंडा लागला. पोरांना पेढे वाटले, आमच्या घरी दोन जास्त दिले. रात्री बंगल्यातल्या रेडिओवर बातमी आली की सरहद्दीवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे काही दिवसांनी त्याच्याच तुकडीतला घाटकोपरचा एक जण परत आला. आत बसला नाही, दारातच उभा राहिला.

"माझ्या पुढे होता वहिनी. गोळ्या सुटल्या आणि पडला. मी पळालो. मागे नाही बघितलं."

शेगडीवर भात होता. तो मी उतरवला. त्या माणसाला पाणी विचारलं, तो नको म्हणाला.

पेपरात नवऱ्याचं नाव नव्हतं. सगळ्यांची नावं कुठे छापतात, असं चाळ म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका आल्या. त्यांतल्या थोरलीनं माझा हात धरला. हातात लग्नातल्या हिरव्या बांगड्या होत्या. मी हात ओढून घेतला नाही. कुणी रांगेत पुढे ढकललं की आपण जातो, तसं होतं ते. सासू मोरीतून ओल्या हातांनी आली.

"माझ्या झिलाचां मढां खय आसा?"

"अहो मावशी, त्या माणसानं डोळ्यांनी बघितलं ना…"

"त्येना पाठ बघल्यान. मढां दाखवा आधी, मगे हिच्या हाताक हात लावा."

बायका गेल्या. जिन्यात एक म्हणाली, म्हातारीची वाट लागली, डोकं फिरलंय. ती ऐकू येईल अशीच म्हणाली.

त्या संध्याकाळी अध्यक्ष आले. शोकसभा ठरली होती, फोटो हवा होता. आमच्याकडे एकच फोटो, लग्नातला, दोघांचा. तो त्यांनी नेला आणि स्टुडिओतून त्याच्या एकट्याचा मोठा करून आणला. पण आम्ही अगदी खेटून बसलो होतो, त्यामुळे कोपऱ्यात माझ्या पदराचे काठ राहून गेले. जाताना अध्यक्ष दारात घुटमळले.

"वहिनी, सभेला येताना ते… कुंकू. म्हणजे लोक बघतात ना."

"लोकांका डोळे मिटून बसाक सांगा," सासू म्हणाली.

मी कुंकू लावून गेले. खुर्चीवर बसवलं. लोक माझ्या मनगटांकडे बघत होते. वक्त्यानं मला वीरपत्नी म्हटलं. खुर्चीत ढेकूण होते, माझं लक्ष तिकडे. फोटोला जाड हार घातला, तो खाली माझ्या पदरावरही आला. चौकाला त्याचं नाव देणार असं जाहीर झालं, टाळ्या पडल्या. रडू येईल म्हणून बाजूच्या बाईनं रुमाल काढून ठेवला होता. त्याची तिला परत घडी घालावी लागली.

नंतरही काही नाही. जेवायचे, झोपायचे, पाणी भरायचे. बांगड्या हातात होत्या आणि नव्हत्या, दोन्ही सारखंच.

गणपतीच्या आधी एका दुपारी मी नळावर होते. पोरं ओरडत पळाली. एका बाईची बादली हातातून सुटली. वळून बघितलं तर नवरा. डोकं भादरलेलं, कपाळावर टाके, एक पाय ओढत होता.

"काय गो, पाणी गेला काय?"

"नाय. बारीक येता," मी म्हटलं.

त्याच्या डोक्यावर बंदुकीच्या दस्त्याचे घाव पडले होते. सरहद्दीच्या अलीकडे गावातल्या लोकांनी उचलून नेलं. शुद्ध आली तरी बरेच दिवस त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आठवल्यावर त्यानं कुणाकडून तरी घरी कार्ड लिहून घेतलं. ते कार्ड तो आल्यानंतर आलं.

सासूनं त्याच्यावरून मीठमिरची ओवाळली आणि सरळ कमिटीच्या खोलीत गेली. फोटोचा हार काढून तिथंच टाकला आणि फोटो काखेत मारून आणला. अध्यक्ष बघायला आले. "वा, बरं झालं," म्हणाले. मग म्हणाले, "पाटी मात्र रंगवून झाली हो." पाटीवर 'हुतात्मा' हा शब्द रंगाऱ्यानं फार मन लावून काढला होता. ती पाटी पुढे संडासाच्या तुटक्या दाराला ठोकली, नाव आतल्या बाजूला.

त्या दिवशी जेवताना त्यानं मला विचारलं, "तू रडलंस काय गो?"

"नाय."

"बरां केलंस." आणि भात मागितला. उजवीकडून मी 'आमटी?' विचारलं, ते त्याला कळलंच नाही. त्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला त्याला कुणी बोलावलं नाही. तो गटाराच्या कडेला उभा राहिला. हुतात्म्यांवर भाषण झालं. झेंड्याला हात जोडून तो कामावर निघाला. म्हशींना सुट्टी नसते. चाळीतला एक जण म्हणाला, "मेला असतास तर चौकाला नाव तरी लागलं असतं रे."

"आणि म्हशी कोण धुता? तुझो बापूस?"

गोवा सुटला ती बातमी मी त्याला दोनदा सांगितली, पहिल्यांदा उजव्या बाजूनं सांगितली म्हणून.

तो म्हातारपणी गेला, घरात, माझ्यासमोर. बांगड्या माझ्या मीच काढल्या, कुणाला सांगावं लागलं नाही. मुलानं फोटो विचारला. मी ट्रंकेतून तोच काढून दिला. मुलगा म्हणाला, "आई, कोपऱ्यात तुझा पदर दिसतोय. कापून आणू?"

राहू दे म्हटलं. हार घातला की दिसत नाही.