लेखकाच्या मते

"उभी राहा," सर म्हणाले. रमिला उभी राहिली.

नंदुरबारचा एमबीए सीईटीचा क्लास. सराव परीक्षा झाली होती आणि सर इंग्रजीच्या उताऱ्याची उत्तरं घेत होते. वर्गात तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतले आम्ही दोघंच. रमिला माझ्या काकाची मुलगी.

उतारा एका मोठ्या धरणावर होता. गावाचं नाव नव्हतं, नदीचं होतं. आमचीच नदी. प्रश्न असा: लेखकाच्या मते लोकांनी गावं का सोडली? बरोबर पर्याय बी. चांगल्या सोयींसाठी, स्वखुशीने. रमिलाने डीवर खूण केली होती. नाइलाजाने.

"उतारा वाचला का?"

"वाचला, सर. पण तसं झालं नव्हतं."

सर तापीकाठचे, बागायतदार घरातले. रंगात आले की अहिराणीत बोलतात. "तुन्हा बापनी लिखा का हाऊ उतारा?"

वर्ग हसला. मीही हसलो. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगायचं धैर्य राहणार नाही.

तिच्या बापाला, माझ्या काकाला, चार जणांनी हातपाय धरून बोटीत ठेवलं होतं. पाणी अंगणात आलं तरी तो ओट्यावरून उठत नव्हता. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मी ते पाहिलं आहे. रमिला झोळीत होती, तिने नंतर ते फक्त ऐकलं. पाहणारा हसला. ऐकणारी उभी राहिली.

"सामान खाली आलं, डोकं डोंगरातच राहिलं वाटतं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू सांग रे. तूही तिकडलाच ना?"

"बी, सर."

"का?"

"उताऱ्यात तसंच लिहिलंय."

"हाऊ शिकना," सर वर्गाला म्हणाले, म्हणजे हा शिकला. "ये, फळ्यावर लिही."

मी गेलो. लेखकाच्या मते, एवढं लिहिलं. सरांनी ते डस्टरने पुसलं. "ते नको, वेळ जातो. वाक्य लिही." मी वाक्य लिहिलं. लोक स्वखुशीने गेले. इंग्रजीत, सुंदर अक्षरात. सरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. रमिला तास संपेपर्यंत उभी होती.

मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील धरणाविरुद्धच्या मोर्च्यावरून आले की खिशात घडी घातलेलं पत्रक असायचं. त्यावर बोट ठेवून मी अक्षरं लावायचो. जमीन, हक्क, नाही. त्या पोराने मोठं होऊन फळ्यावर हे लिहिलं.

जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो.  तळोद्याला उतरताना ती पावरीत, आमच्या भाषेत, बोलली. मराठीत सांगायचं तर असं: "दादा, परीक्षेत उत्तर बीच आहे, हे मला कळतं. पेपरात मी बीच लिहीन. मी सरांना एवढंच सांगत होते की तो लेखक खोटं बोलतोय. पण तू लेखकाचं नाव काढून टाकलंस."

परीक्षा मला समजली आहे असं मी समजत होतो. ती तिला समजली होती. परीक्षा विचारते, लिहिणाऱ्याला काय वाटतं. तुम्हाला ते पटलं का, हे विचारत नाही. म्हणून बीवर खूण करणं हा गुन्हा नाही. मत कुणाचं आहे ते पुसून टाकलं की त्या मताची वस्तुस्थिती होते. तो गुन्हा, आणि तो माझ्या हातून झाला.

आणखी एक. पर्सेंटाइल म्हणजे तुम्हाला किती आलं ते नव्हे, तुमच्या खाली किती जण राहिले ते. हे मी पाठ केलं होतं. त्या दिवशी टाळ्या वाजत असताना रमिला माझ्या खाली गेली आणि मला बरं वाटलं.

ती क्लासला यायची बंद झाली. काकाने मला विचारलं, का जात नाही? मी म्हणालो, "तिला इंग्रजी जड जातं." काका बैल सोडत होता. सोडत राहिला.

महिनाभराने क्लासला नवी पोरं आली. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांतली, बहुतेक आश्रमशाळेत शिकलेली. सर म्हणाले, "यांना तुमच्या भाषेत सांग," आणि तोच उतारा माझ्या हातात दिला.

मी फळ्यावर लिहिलं, लेखकाच्या मते. मग पावरीत सांगितलं: उत्तर बी. परीक्षेत हेच लिहा, गुण सोडू नका. पण हा लेखक खोटं बोलतो. मागच्या महिन्यात इथेच उभा राहून मी त्याचं खोटं खरं म्हणून लिहिलं. ज्या मुलीने ते मानलं नाही तिला तासभर उभं ठेवलं. तिच्यावर मीही हसलो.

मागे कुणीतरी पेन खाली ठेवलं. सरांना पावरी येत नाही, पण वर्गाने लिहिणं थांबवलेलं त्यांना दिसलं.

"काय सांगितलं?"

मी मराठीत सगळं पुन्हा सांगितलं.

"हाऊ क्लास शे, मोर्चा नही," सर म्हणाले. "ते पुस."

"नाही पुसणार, सर."

"मग उद्यापासून येऊ नको."

"ठीक आहे," मी म्हणालो आणि खडू टेबलावर ठेवला.

संध्याकाळी काकाला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं." बस, एवढंच. रमिला आतून ऐकत होती. बाहेर आली नाही. तिने फॉर्म भरला आहे, घरी अभ्यास करते. माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही.

परीक्षा मी देणार आहे. पास होणार आहे. उद्या कुठल्यातरी कंपनीत माझ्या टेबलावर एखाद्या गावाचा अहवाल येईल, खाली माझ्या सहीची जागा असेल. मी आधी त्या गावात जाईन. ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारेन, गाव स्वखुशीने सोडताय का. तो नाही म्हणाला, तर मी नाही असंच लिहीन. नोकरी गेली तर जाईल.