नेत्रशिबिरातलं माझं काम

परवा डोळे तपासायला गेलो. स्पिरिटचा वास आला आणि पापडी गावातलं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं नेत्रशिबिर आठवलं. मी आणि बायको फुकट मदतीला गेलो होतो. तिथल्या सरांनी मला नावं लिहायला बसवलं. मी चौथी नापास. दोन नावांतच घाम फुटला. रांगेतली म्हातारी म्हणाली, "मोतीबिंदू मला झालाय का तुला?"

सगळे हसले. मी उठून घरी निघालो.

बायको आडवी आली. "अवो, पट्टीवाल्यांना रिक्षापर्यंत न्यायला धीराचं माणूस नाय मिळत. तुम्ही या."

दिवसभर म्हातारे नेले. तेव्हा वाटलं, खरंच माणूस कमी पडलंय. आता कळतं, तिने माझी लाज राखली.

ती जाऊन चार महिने झाले. येत्या रविवारी पुन्हा नेत्रशिबिर आहे. लिहिता येत नाही, हात धरता येतो, असं सांगूनच नाव दिलंय.