सोळा भाग झाले, बातमी एकही नाही

बातमी दिली की हात झटकता येतात. किस्स्यांचं तसं नाही. ते कोणी छापत नाही, त्यामुळं ऑफिसातच राहतात आणि वाढत जातात. वाशिमच्या आमच्या कार्यालयात मी तीस वर्षं काढली. पुढाऱ्यांचे, साहेबांचे, संपादकांचे किस्से माझ्याकडं ढिगानं आहेत. पण गेल्या वर्षभरात एका फुकटच्या मोबाइल गेमनं या तिन्ही जमातींना मागं टाकलं. गेम कसला? प्रेमाचा! हसू नका. मी तर आधी चिडलोच होतो.

* * *

आमच्याकडं कॉम्प्युटरवर पेपरची पानं लावायला उज्ज्वला आहे. अनसिंगहून रोज बसनं येते. ती सुटीवर गेली की आमचं पहिलं पान लग्नपत्रिकेसारखं दिसतं, एवढं सांगितलं तरी तिची किंमत कळेल. वय अठ्ठावीस, शिक्षण एम.ए., आणि घरी स्थळं पाहणं चालू. येणारं प्रत्येक स्थळ एकच अट घालायचं: नोकरी सोडायची. उज्ज्वलाला लग्न नको होतं असं नाही. नोकरी सुटायला नको होती. एवढं साधं वाक्य ऐकायला कोणी तयार नव्हतं.

एका दुपारी ती बाटली भरायला गेली आणि टेबलावरचा तिचा मोबाइल उजळला. दुसऱ्याचा मोबाइल वाचू नये हे मलाही कळतं. पण जन्मभर गुन्हेगारीच्या बातम्या केलेल्या माणसाची नजर जातेच. इंग्रजीत लिहिलं होतं, "दिवसभर तुझी वाट पाहिली. अशी छळू नकोस." खाली नाव, ईथन.

मी आमचा फोटोग्राफर सलीमभाई याला हाक मारली. "सलीमभाई, पोरीले कोणीतरी त्रास देऊन राह्यलं!"

त्यानं कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. "नाम?"

"ईथन."

"अपने गाव का नहीं लगता."

उज्ज्वला आली. मी सरळ विचारलं, "हा कोण आहे? ठाणेदाराला फोन लावू का?"

"काका, तो गेममधला आहे! रोज गेम उघडला नाही की असे मेसेज येतात."

"म्हणजे माणूस नाही?"

"चित्र आहे, काका."

मी खुर्चीत बसलो. सलीमभाई मात्र बॅग खांद्याला लावून तसाच उभा. "चित्र असो का फोटो असो," तो म्हणाला, "बाप कौन है उसका?"

* * *

मग तिनं आम्हाला गेम समजावून सांगितला. पडद्यावर चित्र, खाली संवाद. मधेच गोष्ट थांबते आणि विचारते, आता तू काय बोलणार? तीन उत्तरं समोर येतात. एकावर बोट ठेवायचं, गोष्ट त्या वाटेनं पुढं जाते. सगळं फुकट, पण एका भागाला एक तिकीट लागतं. तिकिटं संपली की काही तास वाट पाहा, नाहीतर जाहिराती पाहा. वाट पाहण्याचं आम्हाला काही नाही. आम्ही जिल्हा परिषदेच्या सभा कव्हर केल्या आहेत.

गेम इंग्रजीत होता. दुपारच्या चहाला उज्ज्वला तो वऱ्हाडीत करून मोठ्यानं वाचायची. त्यामुळं साठ मजली काचेच्या इमारतीत राहणारा उद्योगपती ईथन आमच्या ऑफिसात म्हणायचा, "काहून रुसली वं? माह्याशी बोलत काहून नाहीस?"

हे मी चालवून घेतलं असतं. पण तिसऱ्या दिवशी कळलं की नायिका वार्ताहर आहे! ईथनच्या कारखान्यातल्या घोटाळ्याची बातमी करायला पहिल्या भागात ती त्याच्याकडं गेली होती. त्यानंतर सोळा भाग झाले, बातमी एकही नाही! वही नाही, पेन नाही. बोटीत जेवण, गच्चीवर जेवण, विमानात जेवण. "हिचा संपादक मेला काय?" असं मी दोनदा ओरडून विचारलं. सातव्या भागात तर बाईनं त्याच्याकडून हिऱ्यांचा हार घेतला. ज्याची चौकशी करायची, त्याच्याकडून हार!

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. कंपनीला इंग्रजीत सव्वा पानाची तक्रार लिहिली. तक्रार पाठवायची तर आधी आपल्या मोबाइलवर गेम घ्यावा लागतो, म्हणून घेतला. दुसरं काही कारण नव्हतं. पत्रकारिता म्हणजे काय, वार्ताहरानं कोणाचं काय घेऊ नये, सगळं खडसावून सांगितलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तुमच्या प्रेमाबद्दल आभार! आमच्याकडून छोटीशी भेट म्हणून वीस हिरे स्वीकारा." हिरे म्हणजे त्या गेममधले पैसे.

तीस वर्षांत मी कोणाचं पाकीट घेतलं नाही. शेवटी घेतलं, तेही तक्रारीच्या बदल्यात!

* * *

गेम घेतलाच होता, तर पुराव्यासाठी खेळूनही पाहिला.

ईथननं पहिल्याच भेटीत विचारलं, "माझ्यावर विश्वास आहे?" समोर तीन उत्तरं. "स्वतःपेक्षाही जास्त." "तुझे डोळे खोटं बोलत नाहीत." "पुरावा दाखव." आता कोणता शहाणा माणूस यातलं पहिलं उत्तर देईल? ईथन उठून गेला.

मग एक डॉक्टर आला. म्हणाला, "तुझ्यासाठी मी सगळं सोडून आलो." मी निवडलं, "आणि पेशंट कोणाच्या भरवशावर?" तोही गेला. एक चित्रकार होता, त्याला मी उपजीविकेचं साधन विचारलं. चार दिवसांत तिघंही मला सोडून गेले आणि पडद्यावर तुटलेलं हृदय आलं.

मी मोबाइल उज्ज्वलाला दाखवला. म्हटलं, "तुझ्या गेममधे खऱ्या माणसाला जागा नाही."

तिनं सगळी उत्तरं वर सरकवून वाचली. मग म्हणाली, "काका, तुमी प्रेम करून राह्यले का पत्रकार परिषद?"

* * *

फोटो आधी येतो आणि त्याच्याखालची ओळ मागून. तोवर जागा किती लागेल ते कळावं म्हणून उज्ज्वला तिथं काहीतरी टाइप करून ठेवायची. पूर्वी "येथे ओळ येईल" असं लिहायची. गेम सुरू झाल्यापासून जे डोक्यात असेल ते बोटांतून उतरायला लागलं.

एका गावच्या पशुप्रदर्शनाचा फोटो होता. सभापती बक्षीस मिळालेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहतायत. सलीमभाईनं काढलाही असा की सभापतींच्या डोळ्यांत पाणी वाटावं. ओळ मी वेळेवर दिली होती, सलीमभाई काहीही सांगो. पण सकाळी पेपर उघडला तर फोटोखाली छापलेलं, "तुझ्याशिवाय हे सारं वैभव व्यर्थ आहे."

नऊ वाजता फोन आला. मी वृत्तपत्र स्वातंत्र्यावर भाषण तयार ठेवलं होतं. पण फोनवर सभापतींच्या मंडळी होत्या.

"ते तुमीच लिवलं का?"

"वहिनी, चूक झाली. उद्या खुलासा छापतो."

"खुलासा ऱ्हाऊ द्या. मले एवढंच सांगा, हे खरंच असं बोलले का? इतकी वर्षं झाली लग्नाले, मले कधी 'जेवली का' म्हटलं नाई. अन् बैलाले बोलून राह्यले?"

मी काहीतरी सारवासारव केली. अकरा वाजता खुद्द सभापतींचा फोन. आवाज अगदी खाली. "भाऊ, खुलासा पहिल्याच पानावर घ्या. मोठ्या अक्षरात घ्या. मले घरात जेवाले भेटून नाई राह्यलं."

* * *

सलीमभाईनं गेम कधी घेतला ते आम्हाला कळलंही नाही. कळलं ते नसरीन भाभी ऑफिसात आल्या तेव्हा. हातात नवऱ्याचा मोबाइल, त्यावर मेसेज, "तू नाहीस तर श्वासही जड वाटतो."

सलीमभाई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "इनसे पूछ! ये चित्र है, औरत नहीं!"

मी साक्ष दिली. भाभींना माझी साक्ष पुरली नाही. मग उज्ज्वलानं त्यांना शेजारी बसवून एक अख्खा भाग वाचून दाखवला. डॉक्टर पावसात भिजत दारात उभा होता. भाभींनी नाकाला रुमाल लावला. दुसरा भाग ऐकला. तिकिटं संपली तेव्हा त्या उठल्या आणि मोबाइल पर्समधे टाकून निघाल्या.

"अरे, मेरा मोबाइल!" सलीमभाई ओरडला.

"तुमको क्या काम है उसका?" भाभी म्हणाल्या. "वो बेचारा बारिश में खडा है."

* * *

उज्ज्वलाच्या गोष्टीत ईथननं एकदाचा गुडघा टेकला आणि लग्नाचं विचारलं. सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती. तीन उत्तरं आली. "हो." "हजार वेळा हो." "(लाजून) तुला माहीतच आहे."

मी म्हटलं, "आणि नकार कुठाय?"

"नकार नसते काका. नकार देला तर पुढं गेम कसा चालन?"

"अगं, पण ही जबरदस्ती झाली! तीन दारं आणि तिन्ही एकाच खोलीत उघडतात!"

"फुकट गेम आहे, काका. फुकटात किती मागान?" असं म्हणून तिनं पहिलं उत्तर दाबलं.

त्याच आठवड्यात कारंज्याचं स्थळ आलं. कापसाचा व्यापार, तालेवार घर. मुलाच्या आईनं बसल्या बसल्या विचारलं, "नोकरीचं काही नाही ना? सोडशीलच." उज्ज्वला मान खाली घालून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर भडकलो. "एरवी मला बोलतेस, तिथं काय झालं?"

"तिथं तोंडच उघडलं नाही, काका," ती म्हणाली. "बाबा समोर बसले होते. त्यायच्याकडं पाह्यलं अन् सगळं पोटात गेलं."

आठ दिवस ती पानावर डोकं खाली घालून काम करत होती. नवव्या दिवशी पेढे घेऊन आली. आमचे कार्यालयप्रमुख वानखडे साहेब कडक माणूस, पण उठून उभे राहिले. "अरे वा! जमलं?"

"नाही साहेब. त्यायले मी सावळी वाटली. नाही म्हणून कळवलं."

"मग हे पेढे?"

"त्याचेच."

सावळी म्हणून नकार! माझा संताप झाला, मी लगेच अग्रलेखाला हात घातला. साहेबांनी मात्र शांतपणे पेढा खाल्ला. दुसरा उचलला. मग म्हणाले, "पुढच्या वेळीही आम्हाला विसरू नकोस."

* * *

पुढचं स्थळ रिठदचं आलं. भरपूर शेती, मुलगा पदवीधर. या वेळी उज्ज्वलाच्या वडिलांनी बजावून सांगितलं होतं, हे शेवटचं. हे हो म्हणाले तर विषय संपला. आणि पाहुण्यांनी नोकरीबद्दल विचारलंच तर सांगायला कोणी असावं, म्हणून उज्ज्वलानं मला आणि सलीमभाईला अनसिंगला बोलावलं.

रिठदहून जीप भरून माणसं आली. मुलगा, त्याचा मोठा काका, आणखी चार पुरुष, आणि मुलाची आई. काका बोलायचा. बाकीचे माना हलवायचे. उज्ज्वला कॉम्प्युटरवर पेपरची पानं लावते, हे मी आल्या आल्याच सांगून टाकलं. मुलाची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, तिनंही कोणाला काही विचारलं नाही. मुलाला मी दोन प्रश्न केले. दोन्हींची उत्तरं काकानं दिली.

पोहे झाले, चहा झाला. मग काका उज्ज्वलाकडं वळला.

"पोरी, आमी जुन्या वळणाचे नाई. तुह्यावर सोडतो. नोकरी आताच सोडतं, का लग्नाच्या दिवशी सोडतं, का पहिलं लेकरू झाल्यावर सोडतं? तू म्हणशीन तसं."

मी उठायला लागलो. सलीमभाईनं माझा सदरा मागून धरला.

उज्ज्वलानं या वेळी वडिलांकडं पाहिलंच नाही. कपबशी खाली ठेवली. "नाही सोडत," ती म्हणाली.

"कवा नाई सोडत?"

"कवाच नाही सोडत."

उज्ज्वलाचे वडील जमिनीकडं पाहत होते. काका मुलाला म्हणाला, "ऐकलं का?" मुलानं मान हलवली. मग काका उठला, म्हणून सगळे उठले. "मग लग्न कायले करून राह्यली, पेपरशीच कर ना," असं दारात ऐकवून तो बाहेर पडला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

उज्ज्वला तशीच उभी. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलाची आई परत आली. खुर्चीवर तिचा चष्मा राहिला होता. आता जाता जाता हीसुद्धा काहीतरी सुनावणार, म्हणून मी बाह्या सरसावल्या.

तिनं चष्मा उचलला. पदरानं पुसला. बाहेर काकानं हॉर्न दाबला. तिनं दाराकडं एकदा पाहिलं आणि उज्ज्वलाजवळ सरकली.

"पोरी," ती म्हणाली, "ते कॉम्प्युटर शिकाले किती दिवस लागतात वं?"