पाठमोरा पंच

कळव्याच्या जत्रेत नाटकाच्या मुख्य सोंगाला कुणी बक्षीस देत नसे. राजाच्या गळ्यात हार आपोआप पडतोच, असं म्हणणं. शेला मिळायचा दुय्यम सोंगाला, म्हणजे राजाच्या सेवकाला. कोपरीची आणि कोलशेतची मंडळी एकच खेळ एकामागून एक करायची आणि दोघांतला चांगला सेवक कोण, ते पंच सांगायचा.

पंचानं बसायचं रंगमंचाकडे पाठ करून, बायकांकडे तोंड करून. ज्याच्या वेळी जास्त बायकांचे पदर डोळ्यांना लागतील, त्याचा शेला. तोंडं नीट दिसावीत म्हणून खेळही भर उन्हातच व्हायचे. तुम्हाला हसू येईल, पण त्यामागे कारण होतं. पूर्वी एका पंचानं खेळ बघून आपल्या भाच्याला शेला दिला होता आणि जत्रेत डोकी फुटली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

त्या साली पंच होता कोपरीचा काळुराम, मिठागरात राबणारा. सख्ख्या भावानं आगराचा बांध सरकवला, तर पंचायतीत उभा राहून सांगणारा माणूस. कोपरीचा सेवक त्याचाच मुलगा गणू असूनही कोलशेतवाल्यांनी हरकत घेतली नाही, ती म्हणूनच.

प्रसंग साधा होता. राणीनं लढाईवर गेलेल्या मुलासाठी भाकरी बांधून दिलेली असते आणि सेवक परत येऊन मुलगा रणात पडल्याचं राजाला सांगतो. कोलशेतच्या गोपीनाथानं ऊर बडवून असा टाहो फोडला की काळुरामाला मोजता मोजता पुरेवाट झाली. पदरच पदर!

मग गणू आला. मागे आवाज नाही, आणि समोर एकही पदर हलेना. बायका नुसत्या बघत राहिल्या. एकीचं मूल मांडीवरून खाली घसरलं, तरी तिला पत्ता नाही. काळुरामाच्या मानेला कळ लागली. वळून बघावं, एकदाच बघावं, असं त्याला फार फार वाटलं. पण पोराचा बाप म्हणून वळलो तर पंच कसला? तो वळला नाही. शेला गोपीनाथाला गेला.

परतताना होडीत गणूनं एवढंच विचारलं, "बाबा, तू येकदा पन वललास नाय?"

"नाय," काळुराम छाती काढून म्हणाला.

"बरा केलास," गणू म्हणाला, आणि खाडीकडे बघत राहिला.

चैत्रात पटकीची साथ आली. सकाळी आगरात गेलेला गणू दिवस मावळायच्या आत गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं त्याचं.

तेराव्यानंतर काळुरामानं बायकोला, गोदाला विचारलं, "त्यानं त्या दिशी काय केला गं?"

"भाकरीचा गाठोडा परत आनला. राजाच्या म्होरं सोडला," गोदा म्हणाली. एवढं सांगून ती उठून आत गेली.

मग तो माणूस दारोदार हिंडू लागला. कुणी म्हणे गणूचे हात कापत होते, कुणी म्हणे मुळीच नाही. एक म्हातारी म्हणाली, तो हसला. साऱ्या कळव्यानं पोराला पाहिलं होतं आणि बाप तेवढा कोरडा राहिला होता. इमानाची एवढी शिक्षा कुणाला होऊ नये. शेवटी तो कोलशेतला गोपीनाथाच्या दारी गेला.

"तू बाजूलाच उभा व्हतास. मना दाखव."

गोपीनाथानं फडक्यात भाकरी बांधली, बाहेर जाऊन आत आला, काळुरामासमोर गुडघे टेकले. सावकाश गाठ सोडली. भाकरी होती तशीच, अख्खी.

"खाल्ली नाय, म्हाराज," तो हलकेच म्हणाला. मग मान वर केली आणि थांबला.

"म्होरं?"

"हितं त्यानं राजाकडं पायला," गोपीनाथाचे डोळे भरले. "कसा पायला, तो मना येत नाय, काका. लय करून बगला. मी नुसता रडतंय. शेला त्याचाच व्हता."

काळुरामानं हात जोडले.

"परत येकदा दाखव रं."

गोपीनाथ भाकरी बांधून पुन्हा बाहेर गेला, आत आला, गुडघ्यांवर बसला, गाठ सोडली, आणि पुन्हा तिथंच अडला.