तीन ठिपक्यांची प्लेट

सहदेव घाग गिअरबॉक्समधलं तेल आधी पांढऱ्या कागदावर टाकायचा, मगच तोंड उघडायचा. तेल लाल राहिलं असेल तर आतलं यंत्र शाबूत. काळं पडून करपट वास आला, की आतल्या क्लच प्लेट जळाल्या. माजिवड्याच्या त्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षांत कॉम्प्युटर आले, मॅनेजर आले नि गेले, पण अडलेली ऑटोमॅटिक गाडी शेवटी सहदेवच्या कागदापाशीच यायची.

मंदाकिनीबाई करंदीकरांच्या गाडीचं तेल कागदावर लालच उतरलं.

बाई डोंबिवलीत त्याच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. सहदेवची मुलगी अक्षदा त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून दहावी झाली होती. बाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहदेवनेच सांगितलं होतं, "बाई, ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाला कामच नाही." त्याच गाडीतून त्या आठवड्यातून दोनदा नवऱ्याला, गुरुदत्तकाकांना, डायलिसिससाठी कल्याणला न्यायच्या. आणि आता गाडी तापली की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हिसका द्यायची आणि मग एकाच गिअरला अडून बसायची.

थंड असताना ठीक, तापली की अडते, आणि तेल स्वच्छ. म्हणजे दोष प्लेटमध्ये नाही. सहदेवने गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण उतरवून सोलेनॉइड बाहेर काढला. तेलाची वाट उघडझाप करणारा हा बोटाएवढा विजेचा व्हॉल्व्ह. तो गरम तेलात बुडवून त्याने मीटर लावला. थंडपणी नेमका दिसणारा आकडा तापताच सैरावैरा झाला. सहदेवला बरं वाटलं. सकाळी नवा बसवला की संध्याकाळी गाडी बाईंच्या दारात.

"ओव्हरहॉल. अख्खा गिअरबॉक्स खोलायचा," विनीत म्हणाला. हा सर्व्हिस मॅनेजर, वय बत्तीस.

"सर, नुसता सोलेनॉइड आहे. हा बघा मीटर."

"काका, मीटर बघू की टार्गेट बघू? या महिन्यात एकही ओव्हरहॉल नाहीये. ट्रे आणा."

तो ट्रे सहदेवनेच केलेला. अकरा वर्षांपूर्वी भंगारात निघालेल्या एका गिअरबॉक्समधल्या जळक्या प्लेट त्याने बाजूला काढल्या होत्या, नव्याने लागणाऱ्यांना 'जळकं' म्हणजे काय ते दाखवायला. चुकूनही कुणी त्या गाडीत बसवू नयेत म्हणून प्रत्येकीच्या दात्यावर पंचने तीन ठिपके ठोकले होते. गेली दोन वर्षं विनीत तोच ट्रे दर गिऱ्हाइकाला तुमच्याच गाडीतला म्हणून दाखवत होता. हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं. धोंडीबाने एकदा एका गिऱ्हाइकाला खरं सांगून टाकलं. वीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून गाड्या धुवायला लागला. तेव्हा सहदेव मूग गिळून बसला होता. ते गिऱ्हाईक काही त्याच्या ओळखीचं नव्हतं. आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"तुम्ही फक्त धरून उभे राहा," विनीत म्हणाला. "बोलायचं मी."

बाई आल्या. चष्मा वर करून त्यांनी ट्रेमध्ये पाहिलं.

"एवढं काळं?"

"मॅडम, अजून चार दिवस चालवली असती तर हायवेवरच उभी राहिली असती. पेशंट असतात ना बरोबर?"

बाईंनी विनीतकडे चक्क पाठ केली. "सहदेव, तुम्ही सांगा. याचं बोलणं मला कळतं, गाडी कळत नाही. तुम्ही हो म्हणालात की झालं."

सहदेवच्या हातात वरची प्लेट होती, ठिपके बाईंच्या बाजूला. आयुष्यभर वह्यांतल्या चुका शोधलेली ती नजर. त्याने प्लेट जराशी फिरवली आणि अंगठा दात्यावर ठेवला.

"करून घ्या, बाई."

"तीन आठवडे लागतील," विनीत म्हणाला.

सोलेनॉइड दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधीच बसला. गाडी मात्र कव्हर घालून मागच्या भिंतीला उभी राहिली. त्या तीन आठवड्यांत दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहदेव काकांना खांद्याचा आधार देऊन जिना उतरवायचा आणि रिक्षात बसवायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

"तू आहेस म्हणून ही निर्धास्त असते बघ," काका धापा टाकत म्हणायचे. सुया टोचायचा हात ते छातीशी धरून बसायचे, रिक्षा आदळली तर लागू नये म्हणून. परतताना ते कसे येत असतील, ते बघायला सहदेव घरी नसायचा.

गाडी मिळाली तेव्हा बाई खूश होत्या. "अहो, लोण्यासारखी चालते! आता ते जुने पार्ट द्या. बदललेली वस्तू घरी न्यायची, ही आमची पद्धत आहे."

विनीत हसला. "घ्या ना मॅडम, तुमचंच आहे." अख्खा ट्रे पिशवीत गेला.

रविवारी सकाळी सहदेव दूध घेऊन परतत होता. वरून बाईंची हाक आली.

"सहदेव, बघा, त्या जुन्या प्लेटांची कुंड्यांना काय छान बैठक झाली! पाणीसुद्धा साचत नाही. पण काय हो, प्रत्येकीवर तीन ठिपके आहेत. ते कसले?"

सहदेवने मान वर केली. गॅलरीत काका खुर्चीत ऊन खात बसले होते. त्यांनी हात हलवला.

"कंपनीचे असतात, बाई."

"तरीच! मी म्हटलं, उगाच कोण ठोकेल?"

सोमवारी विनीत म्हणाला, "काका, ट्रे गेला ना. नवीन सेट बनवा."

सहदेवने भंगारातला एक गिअरबॉक्स उघडला. चांगल्या काळ्या निघालेल्या आठ प्लेट पुसून ट्रेमध्ये मांडल्या. सवयीने खणातून पंच काढला, हातोडी घेतली, पहिली प्लेट ऐरणीवर ठेवली.

मग पंच परत खणात टाकला. ठिपके असले की कुणीतरी विचारतं.