अनोळखी गळ्यातली वीणा

आमच्या काटेवाडीच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, मग सुटका. तेव्हा मी पंचविशीतला. दुपारचा माझा पहारा संपून तास झाला तरी पुढचा गडी फिरकेना, आणि पोटात तर कळा सुरू. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतले एक अनोळखी गृहस्थ दर्शनाला आले. मी त्यांच्या गळ्यात वीणा अडकवली, पाया पडलो आणि पळालो.

मोकळा झालो, वाटेत पंगत दिसली, बसलो. बुंदी तीनदा घेतली. घरी आलो तर आई दारातच उभी.

"कुठं हुतास रं? इंदापूरचं पाव्हणं आल्यात तुला बघायला. पोरीचा बाप मघाशी पाया पडून येतो म्हणून मंडपात गेलाय, त्यो अजून न्हाय आला."

मला ती पांढरी टोपी आठवली. धावत मंडपात गेलो. पाहुणे घामाने निथळत तसेच उभे होते.

"पाव्हणं, चुकलं माझं."

"नवरदेव तुमीच का?"

मी नुसती मान हलवली.

"मग ही घ्या आधी. पोरगी द्यायची का न्हाय, ते मी जेवून ठरवतो."

होकार दिवेलागणीला आला. तोवर मी उभाच होतो.